‘बाहेरचं काही देत नाही, तरी मुलाच्या लिव्हरला सूज कशी?’

प्रश्न थोडक्यात असा. धायरीच्या एका आईचा मुलगा साडेसात वर्षांचा. आठवडाभर कणकण, उलट्या, जेवणावरची वासना उडालेली, आणि मग डोळे पिवळे. रक्तात एसजीपीटी ९४०, बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग देणारं द्रव्य) ४.८. डॉक्टरांनी ‘लिव्हरला सूज आहे, विश्रांती द्या’ एवढंच सांगितलं. त्या विचारतात, ‘आम्ही बाहेरचं काही देत नाही, घरात दारूला कुणी शिवत नाही, मग एवढ्याशा पोराच्या लिव्हरला सूज का यावी? सासूबाई काविळीची माळ आणू म्हणतात. आणावी का?’

ताई, माळेचं शेवटी सांगतो. आधी ‘सूज’ या शब्दाचं बघू, कारण तो ऐकून आईबापांना वाटतं की आजाराचं नाव कळलं. नाव कळलेलं नसतं. एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींच्या आत असणारं एक द्रव्य आहे. पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरतं. ९४० म्हणजे पेशी बऱ्याच संख्येने दुखावल्यात, इतकंच. कोण दुखावतंय हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. ते शोधायला मी तपासण्यांची लांबलचक यादी लिहिण्याआधी एकच गोष्ट खोदून विचारतो: या मुलाच्या पोटात काय काय गेलं? पाणी, दूध, औषध, आणि कुणी न बघता तोंडात घातलेलं काही. पुण्यात इतकी वर्षं मुलं तपासून माझं मत झालंय की निम्म्याहून जास्त उत्तरं तिथेच मिळतात.

तुमच्या मुलाच्या वयाला आणि या आकड्यांना पहिला संशयित हिपॅटायटिस ए. हा विषाणू दूषित पाण्यातून आणि अन्नातून तोंडावाटे जातो. गंमत अशी की तो शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात, सरासरी महिनाभर. आणि घरोघरी चौकशी होते ती मागच्या आठवड्याची! ‘परवा भेळ खाल्ली होती हो,’ असं बाबा अपराधी चेहऱ्याने सांगतात. परवाच्या भेळेचा काही संबंध नसतो. मी कॅलेंडर पुढे ओढतो आणि एक महिना मागे जायला सांगतो. मग आठवतं की त्या सुमारास सोसायटीत चार दिवस टँकर आला होता, किंवा शाळेची सहल गेली होती, किंवा कुणाच्या वाढदिवसाला बर्फ घातलेलं सरबत होतं. ‘बाहेरचं काही देत नाही’ हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण नळाचं पाणीही बाहेरूनच येतं. गळकी जलवाहिनी, तिच्याशेजारची ड्रेनेजची लाइन, वर्षानुवर्षं न धुतलेली जमिनीखालची टाकी, यातलं एक पुरतं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसची (गिलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली तेव्हा पाण्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. तो आजार वेगळा, पण वाट तीच.

आणखी एक प्रश्न हमखास येतो: ‘आम्ही लहानपणी ओढ्याचं पाणी प्यायलो, आम्हाला कुठे झाली कावीळ?’ झाली होती, कळली नाही. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांमध्ये हिपॅटायटिस ए डोळे पिवळे न करताच येऊन जातो. दोन दिवस पोट बिघडलं, संपलं. पूर्वी पुण्यातली बहुतेक मुलं असं नकळत उरकून मोकळी होत. नंतर चांगल्या वस्तीतल्या घरांमध्ये लहानपणी विषाणूशी गाठच पडेनाशी झाली. आपल्याच गावातल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने, १९८२ ते १९९८ या काळातल्या रक्तनमुन्यांवरून हा बदल दाखवला आहे. परिणाम असा की आता मूल मोठं झाल्यावर पहिल्यांदा हा विषाणू भेटतो, आणि मोठ्या वयात तो जास्त त्रास देतो. फिल्टर लावू नका असं मी म्हणत नाहीये, लस द्या म्हणतोय. पहिल्या वाढदिवसानंतर ती देता येते. मृत विषाणूची असेल तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची असेल तर एक. सरकारी मोफत लसीकरणात ती नाही, त्यामुळे कुणी आठवण केली नाही तर राहून जाते.

घरात धाकटं भावंड असेल तर हे लक्षात घ्या. डोळे पिवळे होण्याच्या साधारण दोन आठवडे आधीपासून मुलाच्या शीमधून विषाणू बाहेर पडत असतो आणि कावीळ दिसल्यावर आठवडाभर पडत राहतो. म्हणजे निम्मं नुकसान कळायच्या आत झालेलं असतं. संपर्कानंतर दोन आठवड्यांच्या आत लस दिली तर उपयोग होतो, तेव्हा घाई करा. साबणाने हात धुण्याला पर्याय नाही. सॅनिटायझरवर विसंबू नका, या विषाणूवर त्याचा भरवसा नाही. पाणी चांगलं खळखळ उकळून द्या.

हिपॅटायटिस ई ची वाट तीच, पाण्याची. दिल्लीत १९५५-५६ साली काविळीची प्रचंड साथ आली होती, ती ई ची होती हे कित्येक वर्षांनी कळलं. मुलं सहसा यातून आपसूक बरी होतात. पण घरात कुणी गरोदर असेल तर डॉक्टरांना तेवढं आवर्जून सांगा, कारण गरोदरपणात हा विषाणू जीवावर उठतो.

बी आणि सी पाण्यातून येत नाहीत. बी बहुतेकदा आईकडून बाळाला जातो, जन्माच्या वेळी. तसा गेला तर १०० पैकी ९० बाळांमध्ये तो कायमचा मुक्काम करतो, आणि वर्षानुवर्षं काहीही दिसत नाही. म्हणून जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिली लस. आई पॉझिटिव्ह असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन, तेही शक्यतो १२ तासांत. जाता जाता एक सांगतो: बी असलेल्या मुलाला वर्गात वेगळं बसवण्याचं, त्याचा डबा वेगळा ठेवण्याचं काही कारण नाही. सी चा विचार मी वारंवार रक्त घ्याव्या लागणाऱ्या मुलांमध्ये करतो, थॅलेसेमियाची मुलं त्यात प्रथम. त्यावर आता गोळ्यांनी बरं करणारे उपचार आहेत, वयाच्या तिसऱ्या वर्षापासून देता येतात.

पावसाळ्यात आणि नंतरच्या दोन महिन्यांत डेंग्यू आणि टायफॉइडही एसजीपीटी वाढवतात. इथे एक खूण उपयोगी पडते. हिपॅटायटिस ए मध्ये डोळे पिवळे व्हायला लागले की ताप बहुधा उतरतो आणि मूल जरा माणसात येतं. कावीळ दिसल्यावरही ताप चढतच राहिला तर मी ए चा नाद सोडतो आणि डेंग्यू, टायफॉइड, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस बघतो. डेंग्यूत शिवाय एसजीओटी, म्हणजे पेशींतलं तसंच दुसरं द्रव्य, एसजीपीटीपेक्षा जास्त वर जातं.

आता औषधं. माझा सर्वांत जास्त जीव जळतो तो इथे.

काही वर्षांपूर्वी एक अकरा महिन्यांचं बाळ आलं. तीन दिवस ताप, मग सुस्त. मी नेहमीप्रमाणे घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगितलं. पिशवी टेबलावर उपडी केली तर पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या निघाल्या, एक छोटी, एक मोठी. छोटीत थेंब होते: एका मिलीलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम. मोठीत सिरप: पाच मिलीलीटरमध्ये १२० मिलिग्रॅम. आईने सिरपच्या झाकणाने पाच मिलीलीटर दिलं होतं, पण छोट्या बाटलीतलं. म्हणजे एका वेळेला ५०० मिलिग्रॅम. दहा किलोच्या बाळाला एका वेळी फार तर १५० लागतात. त्यात दुपारी आजीने आपल्या हिशोबाने आणखी दिलेलं, आणि सर्दीचं म्हणून जे तिसरं औषध होतं त्यातही पॅरासिटामॉल होतंच. कुणीही निष्काळजी नव्हतं, सगळे बाळाची काळजीच घेत होते. उतारा म्हणून एन-ॲसिटिलसिस्टीन वेळेवर मिळालं, बाळ वाचलं. तेव्हापासून मी चिठ्ठीवर ‘पाच मिली’ एवढंच लिहीत नाही, बाटलीवरचा आकडा गोल करून दाखवतो.

योग्य मात्रेत पॅरासिटामॉल हे मुलांसाठी तापाचं सर्वांत सुरक्षित औषध आहे, हेही लगेच सांगतो, नाहीतर उद्यापासून लोक ॲस्पिरिन द्यायला लागतील, आणि फ्लू किंवा कांजिण्यांत ॲस्पिरिन दिल्याने मुलांच्या लिव्हरला आणि मेंदूला इजा करणारा रे सिंड्रोम होऊ शकतो. टीबीच्या चार मुख्य औषधांपैकी तीन लिव्हरला त्रास देऊ शकतात. फिटांसाठी दिलं जाणारं व्हॅल्प्रोएटही. ही औषधं मनाने बंद करायची नाहीत. उलट्या सुरू झाल्या, भूक गेली तर त्याच दिवशी दाखवायचं. काढ्यांचं म्हणाल तर माझं आयुर्वेदाशी भांडण नाही, माझी आजी वैद्यांच्या घरातली. पण कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घेऊन लिव्हर बिघडलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. म्हणून ‘नैसर्गिक आहे, अपाय होत नाही’ हे वाक्य मला पटत नाही. धोतराही नैसर्गिकच.

उंदीर मारायच्या पेस्टबद्दल एकच परिच्छेद, पण नीट वाचा. तिच्यात बऱ्याचदा पिवळा फॉस्फरस असतो. मुलाने बोट लावून चाटली तर पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस मूल चांगलं खेळतं, आणि त्यानंतर लिव्हर कोसळतं. मधल्या चांगल्या दिवसांवर भाळून लोक मुलाला घरी घेऊन जातात. नेऊ नका.

पाणी झालं, औषध झालं, राहिलं दूध. ही गोष्ट पुण्याची आहे आणि ती विसरली जातेय म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी शिकत होतो तेव्हा आमचे वरिष्ठ ‘इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस’ शिकवत. सहा महिने ते तीन-चार वर्षांची मुलं, पोट फुगलेलं, लिव्हर हाताला दगडासारखं कडक आणि कडेला धारदार. बहुतेक दगावत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या लिव्हरमधलं तांबं मोजलं, ते कित्येक पटींनी जास्त होतं. ते आलं कुठून? या मंडळींनी घरच्या स्वयंपाकघरात डोकावलं. बाळाला लवकर वरचं दूध सुरू केलेलं, आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, साठवलेलं. दुधातलं प्रथिन तांब्याला धरून ठेवतं, आणि एवढ्याशा बाळाच्या लिव्हरला ते पित्तावाटे बाहेर टाकणं झेपत नाही. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी हे मांडलं. भांड्याला आतून कल्हई असेल तर तांबं दुधात उतरत नाही, पण कल्हई झिजते आणि ती पुन्हा करून घ्यायची राहून जाते. पुढे घरोघरी स्टील आलं आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. एवढा भयंकर आजार भांडं बदलल्याने गेला, ही गोष्ट आमच्या पोरसवदा डॉक्टरांना सांगितली की त्यांना खोटी वाटते.

ती आज सांगायचं कारण म्हणजे पुन्हा फॅशनमध्ये आलेल्या तांब्याच्या बाटल्या. मोठ्यांनी साधं पाणी त्यात ठेवलं तर माझी तक्रार नाही. लिंबू सरबत, ताक, कोकम असलं आंबट काही ठेवू नका, आंबटाने तांबं विरघळतं. आणि बाळाचं दूध, मग ते पावडरचं असो वा गाईचं, तांब्या-पितळेच्या जवळ नेऊ नका. ‘आमच्याकडे पिढीजात पितळेच्या पातेल्यातच तापवतात’ असं मागच्याच वर्षी एका आजोबांनी मला अभिमानाने सांगितलं. पातेलं छानच होतं, शोकेसमध्ये ठेवायला सांगितलं.

भांडं निर्दोष असूनही तांबं साठतं तो आजार विल्सन. यात मूळ दोष जनुकात, तांबं बाहेर टाकणाऱ्या यंत्रणेतच. आई आणि वडील दोघांकडून तो दोष आला तरच आजार होतो, म्हणून आतेमामे भावंडांत लग्न झालेलं असेल तर मी तो मनात ठेवतोच. शाळकरी वयात कावीळ, त्यासोबत रक्त कमी होणं, किंवा अक्षर अचानक बिघडणं, वागणं बदलणं. बाई म्हणतात अभ्यासात लक्ष नाही. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन), २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बुबुळाच्या कडेची तपासणी यावरून अंदाज येतो. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, पण वेळेत सुरू केल्या तर मूल सगळं करतं. सख्ख्या भावंडांना हा आजार असण्याची शक्यता चारात एक. ती ठणठणीत दिसत असली तरी तपासायची.

काही वेळा बाहेरून काहीच गेलेलं नसतं, शरीराची संरक्षण यंत्रणाच लिव्हरवर उलटते. हा ऑटोइम्यून हिपॅटायटिस. मुलींमध्ये जास्त. ‘कावीळ दोनदा आली आणि गेली’ अशा इतिहासामागे तो लपलेला असू शकतो. स्टेरॉइडने सुधारतो. स्टेरॉइड म्हटलं की पालक खुर्चीत मागे सरकतात, पण इथे ते जीव वाचवतं.

फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठणं, हे हल्ली रोजचं झालंय. अकरा-बारा वर्षांचा मुलगा, वजन जास्त, मानेवर घासूनही न जाणारा काळपट पट्टा, सोनोग्राफी दुसऱ्याच कशासाठी केली आणि हे सापडलं. लॅबच्या कागदावर एसजीपीटीची मर्यादा ४०-४५ छापलेली असते, ती मोठ्यांची. मुलांमध्ये मुलग्यांसाठी २६ आणि मुलींसाठी २२ च्या आसपास धरावी असं आता मानतात. त्यामुळे ‘३८, नॉर्मल’ असा शिक्का बसून ही मुलं सुटून जातात.

आणि कधी लिव्हरचा काही दोषच नसतो! हे माझ्याच हातून घडलंय. पाच वर्षांचा मुलगा, एसजीपीटी ३०० च्या पुढे, कावीळ नाही, बाकी सगळं ठीक. मी तीन आठवडे लिव्हरच्या मागे लागलो. ए नाही, बी नाही, विल्सन नाही. शेवटच्या भेटीत खेळणं पडलं म्हणून तो खाली बसला, आणि उठताना त्याने हात आधी जमिनीवर, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर ठेवत स्वतःला वर ढकललं. पोटऱ्या फुगीर होत्या, त्या मी आधी पाहिल्याच नव्हत्या. सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य, हजारांत निघालं. डुशेन, स्नायूंचा आजार. एसजीपीटी आणि एसजीओटी स्नायूंमध्येही असतात हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण मुलाला उठताना बघायचं मला सुचलं नव्हतं. आता कावीळ नसताना आकडे वाढलेल्या प्रत्येक मुलाला मी जमिनीवर बसवून उठवतो.

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी तान्हं बाळ असेल तर एवढं बघा: दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा आहे, शी पांढुरकी किंवा मळकट मातीच्या रंगाची आहे, सूचे डाग लंगोटावर पिवळे पडतायत, तर कोवळ्या उन्हात धरत बसू नका. बिलिरुबिनचा ‘डायरेक्ट’ हा प्रकार तपासून घ्या. पित्तनलिका बंद असेल तर कसाई नावाची शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ती साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त. (नाव जपानी सर्जनचं आहे, घाबरू नका.)

आता तुमच्या मुलाकडे येतो. डॉक्टरांना दोन तपासण्या झाल्यात का विचारा: हिपॅटायटिस ए ची आयजीएम (ताजा संसर्ग दाखवणारी) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची). दुसरी जास्त महत्त्वाची. रक्त गोठवणारी द्रव्यं लिव्हर बनवतं, त्यामुळे लिव्हर किती काम करतंय हे आयएनआर सांगतो, एसजीपीटी नाही. ९४० चा आकडा ऐकून झोप उडते, पण आयएनआर नॉर्मल असेल तर मी ९४० ला फारसा घाबरत नाही. उलट एसजीपीटी झपाट्याने उतरतोय, बिलिरुबिन आणि आयएनआर चढतायत, असं दिसलं तर पेढे वाटू नका. फुटायला पेशीच उरल्या नाहीत, असा त्याचा अर्थ असू शकतो. आयएनआर १.५ च्या वर गेला तर मूल लिव्हरची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच हवं. आणि दिवसा झोपणं, रात्री टक्क जागं राहणं, असंबद्ध बोलणं, ओळखीच्या माणसावर विनाकारण चिडणं, हिरड्यांतून रक्त, न थांबणाऱ्या उलट्या, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

जेवण घरचं, मुलाला आवडेल ते. वरणभातावर तूप चालतं, हळदही चालते. पिवळं खाल्ल्याने कावीळ वाढत नाही. लिव्हर टॉनिकची गरज नाही. उसाच्या रसाने फायदा नाही, आणि रस्त्यावरच्या रसवंतीतला बर्फ टाकलेला रस म्हणजे जिथून आजार आला तिथेच परत जाणं.

आणि माळ. ती झाडाच्या काड्यांच्या गाठींची असते, काड्या वाळल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबते. कावीळ तोवर आपली आपण उतरत असते. कावीळ ‘उतरवताना’ चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर निघणारं पिवळं पाणीही हाताला आधी चोळलेल्या सालीच्या रसाचं. सासूबाईंच्या मनाला बरं वाटत असेल तर माळ घाला, त्यावरून घरात भांडण नको. फक्त नाकात थेंब घालणाऱ्याकडे किंवा पुडी देणाऱ्याकडे नेऊ नका, त्या पुडीत काय आहे ते मला नंतर शोधता येत नाही. आयएनआरचा रिपोर्ट आला की आकडा कळवा, आणि धाकटं कुणी असेल तर त्याच्या लसीसाठी या आठवड्यातच जा.